हॉप्लाईटला मराठीत काय म्हणावं? ढालाईत, शिलेदार की आणखी काही?

ऐलतीर

ल्यूक्ट्राच्या लढाईवर (इ.स.पू. ३७१) एक मोठा लेख लिहिते आहे. प्राचीन ग्रीसमधल्या थीब्ज शहराने स्पार्टाचा मोड केला ती ही लढाई. माणसांची आणि गावांची नावं जशीच्या तशी घेते, त्यात अडचण नाही. अडते ती संज्ञांपाशी. सगळ्यांत जास्त हॉप्लाईटपाशी. "जड शस्त्रांनी सज्ज पायदळ सैनिक" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एकदा लिहायला ठीक आहे, पण एका पानावर आठ वेळा लिहिता येत नाही.

मला "ढालाईत" सुचतो. या सैनिकाची ओळखच त्याची मोठी गोल ढाल. लाकडाची, वरून काशाचा पत्रा, व्यास सुमारे ९० सेंटिमीटर, वजन सात किलोच्या आसपास. ती नुसती मुठीत धरायची नसे. मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत हात घालायचा आणि कडेची दोरी पकडायची.

याशिवाय फॅलँक्स (या सैनिकांची एकमेकांना लागून उभी राहणारी रचना), हेलॉट (स्पार्टाची जमीन कसणारे पराधीन लोक) आणि स्टासिस (नगरातला अंतर्गत कलह) यांनाही शब्द हवे आहेत. मतं सांगा.

शाईदौत

"ढालाईत" ऐकलं की मला ढाल-तलवार घेऊन सरदाराच्या मागेपुढे चालणारा पगारी चाकर दिसतो. हॉप्लाईट कुणाचा चाकर नव्हता. तो शेतकरी होता, घरमालक होता, सभेत हात वर करून मत देणारा होता. युद्ध करायचं की नाही हे त्यानेच ठरवलेलं असे. शब्दाला चाकरीचा वास आला तर सगळंच बिघडेल. "ढालकरी" पाहा. धारकरी, वारकरी, शेतकरी यांच्या पंगतीत बसतो आणि त्यात कुणाची ताबेदारी नाही.

गोदाकाठ

माझं मत "शिलेदार"ला. कारण जरा सविस्तर सांगतो.

हॉप्लाईट हा शब्द "होप्ला"वरून येतो. होप्ला म्हणजे हत्यारं, सगळा शस्त्रसाज. ढाल, भाला, शिरस्त्राण, चिलखत, पोटरीवरची कवचं. शिलेदार कुठून आला? अरबी सिलाह म्हणजे हत्यार, त्याला फारसी "दार" लागला. दोन्ही शब्दांची घडण एकच आहे, हत्यारं बाळगणारा.

पण निव्वळ घडणीवर मी मत देणार नाही. खरी गोष्ट पुढे आहे. मराठा लष्करात बारगीर आणि शिलेदार हा भेद कशावर होता? बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. ग्रीक नगरांत नेमका हाच प्रश्न माणसाची जागा ठरवत होता: साज कुणाच्या पैशाचा? अथेन्समध्ये सोलोनने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास नागरिकांचे चार वर्ग केले ते उत्पन्नावर. सर्वांत श्रीमंतांच्या खालोखाल घोडा पोसू शकणारे, ते हिप्पेस. मधले झ्यूगिताई, ते आपला शस्त्रसाज विकत घेऊन फळीत उभे राहात. सर्वांत खालचे थीट्स. त्यांना साज परवडत नसे. ते हलकी हत्यारं घेऊन लढत आणि पुढे आरमार उभं राहिल्यावर वल्ही मारू लागले. एका त्रिरेम या युद्धनौकेवर १७० वल्हेकरी लागत. सालामिसला (इ.स.पू. ४८०) इराणी आरमार बुडवलं त्यात या गरीब माणसांच्या दंडांचा वाटा फार मोठा होता, आणि त्यानंतर अथेन्सच्या सभेत त्यांचा आवाज वाढला, तो वाढणारच होता.

तेव्हा हॉप्लाईट म्हणजे केवळ शस्त्राचा प्रकार नाही. ती समाजातली पायरी आहे. हे "जड पायदळ" म्हणून कळत नाही, "शिलेदार" म्हटलं की मराठी वाचकाला कळतं. लढाईत मेलेल्यांची मुलं अथेन्स सरकारी खर्चाने वाढवी आणि ती वयात आली की डायोनिसस देवाच्या उत्सवात, भरल्या नाट्यगृहात, त्यांना पूर्ण शस्त्रसाज देई. बापाविना वाढलेल्या पोराला शिलेदारी नगराने मिळवून द्यायची, ही केवढी मोठी गोष्ट वाटत असेल तिथे बसलेल्यांना!

रानवाट

गोदाकाठ, मांडणी फार आवडली, पण शब्द पटला नाही. शिलेदारातून घोडा काढता येत नाही. तुमच्याच यादीतला हिप्पेस हा खरा शिलेदार ठरतो. आपल्याकडे पायदळाला हशम म्हणत, पाईक म्हणत. शिलेदार पायी चालताना दाखवला की जाणता वाचक थबकेल.

दुसरं, आज या शब्दाचा अर्थ बदलला आहे. "पक्षाचे शिलेदार", "मालिकेतले शिलेदार" असं रोज छापून येतं. तिथे अर्थ असतो विश्वासू सहकारी, नेत्याचा माणूस. शाईदौत यांनी ढालाईतावर जो आक्षेप घेतला तोच इथे दुसऱ्या दाराने आत येतो.

आणि ल्यूक्ट्राच्या लेखात तर आणखी अडचण. समोर स्पार्टा आहे. स्पार्टाचा नागरिक शेती करत नव्हता, धंदा करत नव्हता. त्याची जमीन हेलॉट कसत. त्याने सामायिक पंगतीत आपला वाटा भरायचा आणि आयुष्यभर लढाईची तालीम करायची. वाटा भरता आला नाही तर पूर्ण नागरिकत्व जाई. थीब्जच्या बाजूला तीनशे जणांची पवित्र तुकडी होती. तिची तालीम आणि पोटापाण्याची सोय नगर करत असे, असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्क लिहितो. म्हणजे तिला मराठीत हुजुरात, सरकारची स्वतःची फौज, म्हणावं लागेल. दोन्हीकडची सर्वांत महत्त्वाची माणसं शिलेदार या चौकटीत बसत नाहीत.

मी "ढालकरी"च्या बाजूने आहे, त्याला एक पुरावाही देते. ग्रीक लेखक फळीची खोली माणसांत नाही, ढालींत मोजतात. ल्यूक्ट्राला थीब्जची फळी ५० ढालींहून कमी खोल नव्हती, असंच त्या काळचा इतिहासकार झेनोफोन लिहितो. त्याच्या आधी डीलियमच्या लढाईत (इ.स.पू. ४२४) ती २५ ढाली होती. माणूस म्हणजे एक ढाल, हा हिशेब त्यांचाच आहे.

शाईदौत

रानवाट, ढालीच्या हिशेबाला जोड म्हणून. प्रत्येकाची ढाल डाव्या हातात, त्यामुळे उजवी बाजू उघडी. ती झाकते शेजाऱ्याची ढाल. इतिहासकार थ्यूसिडिडीस मांटिनियाच्या लढाईचं (इ.स.पू. ४१८) वर्णन करताना सांगतो की याच भीतीने प्रत्येक जण उजवीकडच्या ढालीला चिकटू पाहतो आणि सगळं सैन्य चालता चालता उजवीकडे सरकत जातं. स्पार्टाचा राजा डेमाराटस याचं एक उत्तर प्लूटार्कने नोंदवलं आहे: शिरस्त्राण आणि चिलखत माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल मात्र सगळ्या रांगेसाठी धरतो. म्हणून तर ढाल टाकून पळालेल्यासाठी ग्रीकमध्ये वेगळी शिवी होती, र्‍हिप्सास्पिस. आपल्या "पळपुटा"पेक्षा ती कितीतरी जड. पळपुटा स्वतःचा जीव वाचवतो. ढाल टाकणारा डावीकडच्या माणसाला उघडं पाडतो.

ऐलतीर

ढालकरी पक्का. शिलेदार मी एकदाच वापरेन, अथेन्समधली पायरी समजावताना. तिथे गोदाकाठ यांची तुलना इतकी नेमकी बसते की ती सोडवत नाही.

तुम्ही सगळ्यांनी बोलता बोलता "फळी" वापरलात. फॅलँक्ससाठी तोच घ्यावा का? माझ्या मनात "व्यूह" होता.

गोदाकाठ

फळीच. व्यूह म्हटला की वाचक अभिमन्यूपाशी पोहोचतो. त्यात रचनेचं कोडं असतं, आत शिरायचं आणि बाहेर पडायचं. फॅलँक्समध्ये कोडं नव्हतं. सपाट मैदान, आठ-बारा रांगा, समोरासमोर रेटा. शिवाय फॅलँक्सचा जुना अर्थ ओंडका असा आहे आणि आपली फळीही लाकडाचीच. "फळी फोडणे" हा वाक्प्रचार तर थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याने ल्यूक्ट्राला जे केलं त्यासाठीच घडला असावा इतका चपखल आहे. त्याने डाव्या अंगाला ५० ढालींची खोली दिली आणि स्पार्टाचा राजा जिथे उभा होता तिथेच घाव घातला. स्पार्टाची खोली बाराच्या वर नव्हती. राजा क्लिओम्ब्रोटस पडला आणि तिथल्या सुमारे ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले, हा झेनोफोनचा आकडा.

ग्रीक "ओथिस्मोस"साठी "रेटा" घ्या. तो खरोखर ढालीने ढकलणं होता की नुसता दबाव, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि रेटा शब्दात दोन्ही मावतं.

रानवाट

हेलॉटसाठी गुलाम लिहू नका, ही कळकळीची विनंती. अथेन्समधला गुलाम बाजारात विकला जाई, लॉरियनच्या चांदीच्या खाणीत मरेपर्यंत राबे. हेलॉट जमिनीला बांधलेला होता, आपल्या गावात, आपल्या बायकापोरांत राहात होता, आणि स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनिया प्रांतातल्या हेलॉटांना आपण पूर्वी स्वतंत्र लोक होतो याची आठवण होती. "भूदास" जवळचा शब्द आहे. "कूळ" अजिबात नको, कुळाला कायद्याने काही हक्क असतात. इथे तर स्पार्टाचे एफोर, म्हणजे तिथले वरिष्ठ अधिकारी, दर वर्षी हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारलं तरी पाप लागू नये. प्लाटियाच्या लढाईत (इ.स.पू. ४७९) एकेका स्पार्टनामागे सात हेलॉट होते असं हिरोडोटस सांगतो. ५००० स्पार्टन, ३५००० हेलॉट. आपण कथा फक्त पाच हजारांची वाचतो. तुमच्या लेखात बाकीच्यांनाही जागा द्या. ल्यूक्ट्राच्या पुढच्या दोन वर्षांत एपामिनोंडास मेसेनियात गेला आणि ते लोक मोकळे झाले. माझ्या मते त्या लढाईचं सर्वांत मोठं फळ हेच.

शाईदौत

राहिला स्टासिस. नुसते गट पडले असतील तिथे "दुफळी", रक्त सांडलं तिथे "यादवी". दुफळीत तुमची फळी आहेच, एकीची फळी दुभंगलेली. कॉर्सायरा नगरात (इ.स.पू. ४२७) बापाने मुलाला मारलं आणि आश्रयाला आलेल्यांना देवळातून ओढून काढलं, असं थ्यूसिडिडीस लिहितो. तिथे यादवीशिवाय दुसरा शब्द चालायचा नाही.

अवांतर: "सुरुंग" लिहिताना परका वाटू देऊ नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला सुरुंगा ग्रीक "सिरिंक्स"वरून आला, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. सिरिंक्स म्हणजे नळी, पावा, आणि वेढ्यात तटाखाली खणलेलं भुयारसुद्धा.

ऐलतीर

ल्यूक्ट्राला तट नव्हता, त्यामुळे सुरुंगाला या लेखात जागा नाही, पण टिपून ठेवला. मेसेनियाचा भाग वाढवते आहे. तिथे "भूदास" पहिल्यांदा येईल तेव्हा हेलॉट हा मूळ शब्दही शेजारी ठेवेन. मसुदा झाला की रानवाट, तो भाग तुम्ही आधी वाचाल का?

रानवाट

नक्की. इथोम डोंगराच्या पायथ्याशी वसवलेल्या मेसिनी शहराचं नाव राहू देऊ नका. त्याचे तट आजही उभे आहेत.