मदत हवी आहे: शुगर आणि स्टेंट असलेल्या बाबांना मेडिकलमधून आणलेल्या शक्तीच्या गोळ्या द्याव्या का?

मारेगावकर
बाबा ६६ वर्षांचे, माळकरी. शुगर १३ वर्षांपासून, मागच्या वर्षी स्टेंट टाकला. चालू औषधं: मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दोन वेळा, ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन ४०, ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, सकाळी पॅन्टोप्राझोल. चार महिन्यांपासून तळपायाला मुंग्या, रात्री आग. मेडिकलवाल्यानं दिलं: मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन ई ४००, डी ३ ची ६०,००० ची पाकिटं. बीपीसाठी कमी सोडियमचं मीठही आणलं. यातलं काय द्यावं जी, काय नाही?

फार्मसीवाला
आधी मुंग्यांचं पाहा. "शुगरनं होते" म्हणून लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चाललं की आतड्यातून बी १२ कमी शोषलं जातं. पॅन्टोप्राझोलनं पोटातलं आम्ल घटतं, म्हणून अन्नातलं बी १२ नीट सुटत नाही. माळकऱ्याच्या ताटात ते मुळातच दूध-दह्यापुरतं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी जुळल्या आहेत.

गोळी सुरू करायच्या आधी बी १२ तपासायला रक्त द्या, नंतर दिलं तर आकडा फुगून येतो. एका मिलीत २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० मध्ये शंका. कमी निघालं आणि मुंग्याही आहेत, तर डॉक्टर सहसा इंजेक्शननं सुरुवात करतात, पुढे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) चालू आहेत हे सुई टोचणाऱ्याला सांगा. जागा ५ मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका.

"नसेची गोळी" म्हणून मिळेल तिची पट्टी उलटून वाचा. प्रीगॅबालिन असेल तर झापड येते, तोल जातो. बी ६ जास्त मात्रेत महिनोन्महिने गेलं तर त्यानंच मुंग्या येतात. नुसतं फॉलिक ॲसिडही नको: हिमोग्लोबिन सुधारतं, पण नस आतून खराब होतच राहते.

जवस_चटणी
व्हिटॅमिन ई बंद करा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर ते आणखी घातलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो, हृदयाला फायदा काही नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०२२ मध्ये हृदयविकार टाळण्यासाठी ते घेऊ नये असंच सांगितलं.

डी ३ चं पाकीट आठवड्याला एकच, तेही साधारण ८ आठवडे आणि कमतरता असेल तरच. रोज एक फोडणारे लोक आहेत! मग कॅल्शियम चढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठ. तहान लागली की घरचे शुगर वाढली समजतात.

सगळ्यात घातक मला ते मीठ वाटतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं, किडनी थोडीही कमजोर असेल तर ते साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, बहुतेकदा आधी काही जाणवतही नाही. बी १२ सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम करून घ्या.

मारेगावकर
मीठ आजच बदलतो. अजून एक: घरात सिकलसेल आहे, बाबा एएस, म्हणजे नुसते वाहक आहेत. तीन महिन्यांची शुगर ६.१ आली, पण घरच्या मशीनवर जेवणाआधीही २०० च्या वर दाखवते.

फार्मसीवाला
हे आधी सांगायचं होतं, भाऊ! वाहकांमध्ये काही तपासणी पद्धतींत एचबीए१सी (हीच तीन महिन्यांची शुगर) चुकीचं येतं; एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णांत तर त्यावर विसंबूच नये. लॅबला विचारा, तपासणी कोणत्या पद्धतीनं केली आणि सिकल असताना ती चालते का. नाहीतर फ्रुक्टोसामाइन करा, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगणारी तपासणी. उलट, लोह किंवा बी १२ कमी असेल तर हाच आकडा खोटा वाढतो. वहीत ७ दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर २ तासांची नोंद घेऊन डॉक्टरांना दाखवा, नाहीतर ६.१ पाहून ते औषध कमी करतील.

मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) किती ते पाहा. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिग्रॅ असतं. त्यानं ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) खोटं कमी येऊ शकतं, म्हणजे छातीत दुखत असताना रिपोर्ट नॉर्मल! दवाखान्यात गेल्यावर हे न विचारता सांगा.

मारेगावकर
भाकरीवर जवसाची चटणी चालते न?

जवस_चटणी
एक-दोन चमचे चालते. मीठ तेवढं कमी टाका.