मालवण: नांगराने तुटलेलं पोवळं परत लावता येतं का?

दर्यातलो
नऊ वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतोय. परवा आमच्याच होडीचा नांगर एका पोवळ्यावर बसला. पोरायटीस जातीच्या पोवळ्याचा गोटा आहे, पालथ्या घमेल्याएवढा, मी धंद्यात आलो तेव्हापासून ओळखीचा. खाली उतरलो तर कडेचा तळहाताएवढा तुकडा वाळूत उलटा पडलेला. तुटलेली बाजू खडूसारखी पांढरी, वरची पिवळट तपकिरी, आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं. रात्रभर झोप नाही आली.
तो तुकडा सिमेंटने जागेवर चिकटवला तर जगेल का? बोटीवरच्या पोरांना शिकवून आणखीही लावता येतील. दुसरं म्हणजे, मे महिन्यात याच खडपावरचे काही गोटे पांढरे पडले होते. ते मेले असं धरायचं का?

वाळूखडक
तूर्तास तुकडा उचलू नका. सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, आणि किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. चांगल्या हेतूने हात लावला तरी परवानगी लागते. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि आजच वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. आजच म्हणतो, कारण वाळूत लोळणारा तुकडा घासून घासून मरतो किंवा गाळाखाली गुदमरतो. घट्ट पक्का बसवला तरच तो खडकाला धरतो.
मन्नारच्या आखातात मी दोन हंगाम हे काम केलंय. तिथे 2002 पासून सिमेंटच्या चौकटींवर तुकडे बांधून वाढवतात. पण तिथली बरीच पोवळी फांद्यांची, भराभर वाढणारी. मालवणात मुख्यतः गोटे आणि थर. पोरायटीस वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. तुमच्या घमेल्याएवढ्या गोट्याचं वय काय असेल, तुम्हीच हिशेब करा.
पांढरं पडणं म्हणजे मरण नव्हे. पाणी तापलं की पोवळं आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग त्या शेवाळाचा, बहुतेक अन्नही तेच पुरवतं, म्हणून ते गेलं की पोवळं उपाशी. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं. मेलं असेल तर काही आठवड्यांत त्यावर हिरवट तपकिरी केसाळ लव चढते. पुढच्या वेळी तेच बघा.

हाजीअलीचा
मुंबईत कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीची पोवळी हलवून दुसरीकडे बसवलीच ना? मग मालवणात एवढी भीती कशाला?

वाळूखडक
तिथे ती भरावाखाली गेली असती, दुसरा मार्ग नव्हता. मालवणात जागा शाबूत आहे, पोवळी जिवंत आहेत. नांगर तसाच पडत राहिला तर दहा तुकडे लावून एका हंगामात शंभर तुटतील. पैसे असतील तर आधी कायमचे बोये घाला: वाळूत सिमेंटचा जड ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता बोया, होडी त्यालाच बांधायची. फक्त ठोकळा कुठे ठेवायचा ते विभागाला विचारून, आणि साखळी खाली घासणार नाही इतकी ताणून.

जुनो तांडेल
झिला, आमच्या बापाशीन खडपार कधी नांगर टाकूक नाय. नांगर अडाकलो तर दोरी कापूक लागता आणि नांगर जाता, म्हणान. वाळयेत टाकायचो आणि होडी वाऱ्यान मागे सोडायची. आता पर्यटकाक पोवळ्याच्या डोक्यारच उतरवचा आसता, म्हणान तुम्ही थयच टाकतास. चार हात लांब नांगरा आणि पवान जावा. आणि कांडाळ (मासे धरूचा जाळा) अडाकली तर वडू नकात, कातरीन तुकडे करून सोडवा.

दर्यातलो
कक्षात फोन केला, ते सोमवारी माणूस पाठवतायत. तांडेलकाका, तुमचं कालच करून बघितलं. वाळूत नांगरलं, वीस-पंचवीस मीटर पोहून गेलो. साताऱ्याच्या एका काकूंना पोहायला येत नव्हतं, त्यांना ट्यूबवर ओढून नेलं. वेळ जास्त लागला, एक फेरी कमी झाली. बोयासाठी आम्ही सहा होडीवाले पैसे काढायला तयार आहोत.
वाळूखडक, साखळी किती लांब धरायची? इथे भरतीला पाणी अडीच मीटरपर्यंत चढतं. पावसाळ्यात आमच्या फेऱ्या बंद असतात, तेव्हा बोया वर काढायचा की तिथेच सोडायचा?

वाळूखडक
वर काढा. उधाणात सैल झालेली साखळी गोट्यांवर आपटत राहील. लांबीसाठी उधाणाच्या भरतीची आणि पूर्ण ओहोटीची, दोन्ही खोली मोजून इथे टाका, मग सांगतो.