गावगल्लीतील पाळीव प्राणी : आपापले अनुभव लिहावेत

कुत्री-मांजरे पाळण्याच्या अडचणींविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात बहुधा सदनिका, लिफ्ट आणि सोसायटीचे नियम असतात. खेड्यात मोकळी जागा भरपूर, तेव्हा तिथे कसली आली अडचण, असे लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलेले असते. आर्वी तालुक्यातील माझ्या गावात आमची आणि शेजारच्या काकाजींची भिंत एकच आहे. आमचा कुत्रा रात्री भुंकला की पहिली हाक त्यांच्या ओसरीवरून येते, आणि सकाळी त्याला शिळ्या पोळीचा पहिला तुकडाही तेच टाकतात. खाण्यापुरता तो चार घरांचा असतो; कोणाची कोंबडी पकडली, किंवा लस टोचायची वेळ आली, की मात्र तो माझ्या एकट्याचा होतो. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनुसार पंचायतींवरही आहे, पण आमच्या गावात त्या कामाची गाडी मी अद्याप पाहिलेली नाही.

विदर्भातील खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत जनावर पाळणाऱ्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. दुधाच्या आणि नांगराच्या जनावरांचा विषय मोठा आहे, तो वेगळा ठेवू. नाव लिहिण्याची गरज नाही. व्यवसाय आणि तालुका पुरे.

शेतकरी, घाटंजी तालुका

माझा अनुभव सुखाचा नाही, तरी लिहितो. तीन वर्षांपूर्वी डवरणीच्या दिवसांत आमची कुत्री व्याली होती आणि कोठ्यात कुटाराच्या ढिगाआड तिची पाच पिल्ले होती. शेजाऱ्यांचा सहा वर्षांचा मुलगा पिल्लू उचलायला वाकला आणि तिने त्याच्या पोटरीचा चावा घेतला. मी वावरातून येईपर्यंत त्याच्या आजीने जखमेत तिखट आणि चुना भरून वर लुगड्याचे फडके बांधले होते. हा उपाय आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि आजीने तो मायेनेच केला होता. परंतु आरोग्य केंद्रातील नर्सबाईंनी ते सगळे आधी काढले, पोर किंचाळत असतानाही साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे घड्याळ पाहून जखम धुतली, आणि मगच लस टोचली. दात खोल गेले होते, त्यामुळे लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती टोचायचे इम्युनोग्लोब्युलिनही लागणार होते. ते तालुक्याला शिल्लक नव्हते, म्हणून त्याच संध्याकाळी भाड्याची गाडी करून आम्ही यवतमाळला गेलो. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली. गाडीचे भाडे आणि पुढे ३, ७ व २८ या दिवसांच्या फेऱ्यांचा खर्च मी केला, आणि तो मीच करायला हवा होता.

खरा वाद कुत्रीवरून झाला. तिला त्याच रात्री मारून टाकावे, असे गल्लीतील चार जाणत्या माणसांचे मत पडले. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की तिला बांधून ठेवा आणि दहा दिवस पाहा. चावल्यानंतर दहा दिवस ती धडधाकट राहिली, तर चावण्याच्या वेळी तिच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे समजता येते, आणि आजच मारली तर ते कळण्याचा मार्ग बंद होतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे ठाऊक असल्याने ते दहा दिवस दोन्ही घरांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. माझे वडील रोज पहाटे कंदील घेऊन कोठ्यात जात, तिच्यापुढे पाण्याचे घमेले सरकवत आणि ती पाणी प्यायली की भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत, “पेली रे बाप्पा, पेली.” पलीकडून उत्तर येत नसे. कुत्री जगली आणि मुलगाही बरा झाला. बोलणे मात्र बंद राहिले. पोळ्याच्या दिवशी आमची जोडी त्यांच्या दारासमोरून न थांबता पुढे काढायची, असे मी ठरवले होते. बैल सवयीने तिथेच थांबले. शेजारच्या बाईने बाहेर येऊन त्यांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली आणि माझ्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, ठेवला. त्या वर्षापासून पिल्ले झाली की मी कोठ्याचे दार लावून घेतो आणि कुत्रीला दरवर्षी लस टोचून आणतो.

शिक्षिका, सिंदेवाही तालुका

आमच्याकडे कुत्रा रात्री बांधावा कुठे, हाच पहिला प्रश्न असतो. गाव जंगलाला लागून आहे, आणि अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताटात वाढून ठेवल्यासारखे आहे. आमचा पहिला कुत्रा असाच गेला. सकाळी तुटलेली साखळी आणि सांडलेले पाणी तेवढे उरले होते. दुसरा आणल्यावर वन विभागाच्या माणसांनी रात्री कुत्रा आणि शेळ्या बंद जागेतच ठेवा, असे बजावले. त्याला घरात घ्यायचे ठरले, तेव्हा देवघर आणि स्वयंपाकघर बाटेल म्हणून सासूबाईंनी दोन दिवस अन्न गोड लागत नसल्याचे सांगितले. शेवटी स्वयंपाकघराचा उंबरठा ही हद्द ठरली. आता तो माजघरात झोपतो आणि भाकरी भाजल्या जात असताना नाकाचे टोक अगदी उंबरठ्याच्या कडेपर्यंत आणून ठेवतो, त्यापुढे एक बोटही नाही. अलीकडे सासूबाई पहिली भाकरी तव्यावरून उतरवतात, फुंकर घालून निववतात आणि त्याच्याकडे न पाहताच उंबरठ्यापलीकडे टाकतात.

निवृत्त डाकपाल, बाळापूर तालुका

मुलाने पुण्यात लॅब्राडॉर घेतला आणि बदली झाल्यावर तो आमच्याकडे आणून सोडला. अशी आलेली जनावरे आमच्या गावातच तीन आहेत. गावठी कुत्रा मे महिन्यात नालीच्या ओलीत किंवा कडुनिंबाखाली खड्डा उकरून दुपार काढतो. या केसाळ पाहुण्याला ती विद्या नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो लहाकूनच अंग निववतो, आणि अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की नुसते लहाकणे पुरत नाही. आमचा कूलर पूर्वी पाहुण्यांसाठी लागत असे; आता तो याच्यासाठी लागतो, आणि वीज गेली की मी ओला बारदाना फरशीवर अंथरून त्यावर त्याला निजवतो. सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी एकदा नेले, तर पंजाच्या गाद्या सोलून निघाल्या. तेव्हापासून आमचे फिरणे पहाटे पाचला असते.

दुसरी अडचण औषधाची आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना बैल, म्हैस आणि शेळीसाठी उत्तम आहे, परंतु गोचिडाच्या तापाने कुत्रा पडला तेव्हा रक्त तपासण्याची सोय तिथे नव्हती. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येते, हे मला फार उशिरा कळले. तोवर आम्ही नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाऊन आलो होतो, आणि येताना बायकोने विचारले की माझ्या गुडघ्यासाठी इतक्या लांब कधी गेलो होतो. तिचा प्रश्न बरोबर होता.

गृहिणी, तुमसर तालुका

आमच्याकडे अकरा वर्षे राघू होता. वादळात पडलेल्या झाडाच्या ढोलीतून सासऱ्यांनी तो आणला होता आणि तो त्यांच्याच आवाजात मला हाक मारत असे. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलीने शाळेतून येऊन सांगितले, तेव्हा सासरे वारलेले होते. आम्ही तो वन विभागाकडे दिला. इतकी वर्षे पिंजऱ्यात राहिल्याने त्याला लगेच उडता येणार नाही, असे तिथे सांगण्यात आले. आम्ही योग्य तेच केले, असे सगळे म्हणतात. मला त्यावर अधिक लिहिता येत नाही.

कनिष्ठ लिपिक, वणी

किरायाच्या खोलीत मांजर ठेवू नये, असे घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांच्या तुरीच्या पोत्यांना उंदीर लागल्यापासून ती मांजर त्यांच्याकडेच असते. व्याली की रीतीप्रमाणे सात घरे पिल्ले फिरवते, आणि सातवे घर माझे असते.

बचत गटातील सदस्य, मेहकर तालुका

शेळी ही उत्पन्नाची वस्तू आहे, म्हणून येथे लिहावे की नाही, असा प्रश्न पडला होता. आई मेलेले एक करडू मी बाटलीने वाढवले आणि ते माझ्यामागे बैठकीलाही येऊ लागले. बोकूड झाल्यावर त्याला चांगला भाव आला, आणि त्या पैशांची घरात गरजही होती. बाजाराच्या दिवशी मी मालकांना पाठवले आणि स्वतः नदीवर धुणे घेऊन गेले. त्यानंतर कोणत्याही करडाला मी नाव ठेवलेले नाही.

शेतकरी, मालेगाव तालुका, वाशीम जिल्हा

आमचा कुत्रा जागलीचा आहे. तुरीला शेंगा धरल्या की रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांच्यामुळे रात्री वावरात झोपावे लागते, आणि मचाणावर एकट्या माणसाला जे ऐकू येत नाही ते याला धुऱ्यावरून ऐकू येते. मागच्या हिवाळ्यात त्याने डुकराचा पाठलाग केला आणि त्याच्या मांडीला वीतभर चीर पडली. डॉक्टर सकाळशिवाय येणार नव्हते, म्हणून मी दुपट्टा बांधून त्याला खांद्यावर घरी आणले. टाके पडले, जखम भरली, पाय मात्र थोडा ओढत चालतो. आई म्हणते, आता त्याला घरीच राहू दे. संध्याकाळी मी खुंटीवरची बॅटरी काढली की तो दाराशी जाऊन उभा राहतो. बांधून गेलो तर रात्रभर रडून गल्ली जागी ठेवतो, आणि नेला तर माझे लक्ष तुरीपेक्षा त्याच्यावरच राहते. परवा शेजारच्या काकूंनीच सांगितले, “ने बाप्पा त्याले, आम्हाले झोपू दे.” सध्या नेतो आहे.