अकरावी सायन्सला गणित सोडावं का? भाचीसाठी विचारते आहे

जुळे सोलापूरची आत्या

भाची मराठी माध्यमातून दहावी झाली, गणितात उत्तम मार्क होते. अकरावीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी) घेतलं आणि पहिल्याच चाचणीत गणितात नापास झाली. आता म्हणते, गणित सोडून भूगोल घेते आणि नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, मागे लागते. कॉलेजात विषय बदलायला अजून थोडे दिवस आहेत. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर असतो. तो म्हणतो, "अक्का, तुला कळतंय, तूच सांग तिला."

माझं मत स्पष्ट आहे. निदान अकरावी संपेपर्यंत तरी सोडू नये. नीटला दरवर्षी २० लाखांच्या वर मुलं बसतात. नंबर लागला तर आपल्याकडे वैशंपायन मेडिकल आहे, पण नाही लागला तर? आमच्या घरातून मुलीला पुण्याला हॉस्टेलवर ठेवणं जमणार नाही. गणित असेल तर इंजिनिअरिंगचं वालचंद इन्स्टिट्यूट घरून सिटी बसने जाता येण्यासारखं आहे. शिवाय आर्किटेक्चर आहे. एनडीएची परीक्षा मुलींना २०२१ पासून देता येते, पण त्यातही हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला गणित लागतंच. एका चाचणीच्या मार्कांवर हे सगळं सोडून द्यायचं हे मला पटत नाही.

अशोक चौक

ताई, तुमची काळजी खरी आहे, पण मत पटलं नाही. "वाट मोकळी राहावी" म्हणून चार विषय ओढणारी मुलं मी शेजारीपाजारी दरवर्षी बघतो. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. दिवाळी येईपर्यंत ना गणित धड झालेलं असतं, ना बायोलॉजी.

नीटचे ७२० मार्क बघा. त्यात ३६० बायोलॉजीचे, १८० फिजिक्स, १८० केमिस्ट्री. गणित शून्य. चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत पीसीएम ग्रुपमध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे आहेत. म्हणजे जिला गणित जमत नाही तिने ते नुसतं नावाला ठेवलं, तर इंजिनिअरिंगचा निम्मा पेपर तिथेच गेला. मग ती वाट मोकळी कशी? एक काहीतरी धरा आणि त्यात जीव ओता.

गणिताचा शिक्षक, बार्शी

दोघांनाही विचारतो, मुलीचा नेमका कुठला धडा अडलाय ते कुणी पाहिलं का?

दहावीच्या मार्कांवर जाऊ नका. तिथे ४०-४० चे दोन पेपर आणि २० मार्क शाळेच्या हातातले. अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक, आणि सुरुवातीलाच त्रिकोणमिती. दहावीत त्रिकोणमिती जेमतेम एका प्रकरणाची होती, इथे तिच्यावरच सगळी इमारत आहे. मराठी माध्यमाची हुशार मुलं पहिल्या चाचणीत पडतात ती इथेच. मुलीची बुद्धी कमी नसते. वर्ग पुढे गेलेला असतो आणि ती मागे राहिलेली असते. क्लासवाले तर जूनमध्ये गणित असं पळवतात की ज्याचा पाया कच्चा, तो तिथेच सुटतो.

आणखी एक. पीसीबी घेतलं म्हणून सुटका नाही. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातला दुसराच धडा सदिश (व्हेक्टर) आणि कॅल्क्युलसचा आहे. गणिताची भीती तशीच ठेवून फिजिक्सला बसली तर नीटचे ते १८० मार्कही धोक्यात. भीती आधी घालवा, विषयाचं नंतर ठरवा.

बोर्डाचा विचार केला तर बारावीचा गणिताचा पेपर वाटतो तितका क्रूर नाही. लेखी ८०, प्रात्यक्षिक २०. दोन मार्कांचे १२ पैकी ८ सोडवायचे, तीन मार्कांचेही १२ पैकी ८, चार मार्कांचे ८ पैकी ५. एखाददुसरं प्रकरण कच्चं राहिलं तरी निभावतं.

बी.फार्म. दुसरं वर्ष

आत्या, सगळे वाटा मोजायलेत, पोरीला काय पाहिजे ते कुणीच विचारेना.

मी अकरावीत गणित सोडलं. नववीपासून गणिताच्या तासाला माझ्या पोटात गोळा यायचा. सोडल्यावर केमिस्ट्री इतकी आवडली की मी स्वतःहून जास्तीचं वाचायला लागले. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी, दोन्हींपैकी एक चालतं. आता सोलापुरातच शिकायले, घरूनच जाते. ॲग्री आहे, नर्सिंग आहे, बी.एस्सी. आहे. इंजिनिअरिंग नाही म्हणजे काहीच नाही असं मोठ्यांनी आमच्या डोक्यात बसवू नये. वर्षभर रोज "आपल्याला येत नाही" असं वाटत राहिलं की बाकीच्या विषयांतलाही धीर जातो. ते मी भोगलंय.

विजापूर रोड

ताई, तुम्हाला चांगलं जमलं याचा आनंद आहे. पण बी.फार्म.च्या पहिल्या सेमिस्टरला बायोलॉजीवाल्या मुलांना रिमेडियल मॅथेमॅटिक्स असतंच ना? आणि आठव्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स. म्हणजे गणित सुटलं कुठे?

बी.फार्म. दुसरं वर्ष

असतं की. पण तो एकच पेपर होता, मी १८ वर्षांची होते, शिकवणाऱ्या मॅडम समजावून सांगायच्या. मी पास झाले. तेव्हा झेपलं, १६ व्या वर्षी झेपत नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे, काका. नंतर लागलं तर नंतर शिकता येतं.

नवी पेठ

कॉमर्सचं थोडं सांगतो. अकरावीला गणित सोडलेली पोरं सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला, बसतात तेव्हा तिसरा पेपर समोर येतो. गणिताचे ४०, स्टॅटिस्टिक्सचे ४०, लॉजिकल रीझनिंगचे २०, चुकलं की पाव मार्क कापला जातो. रडतात, पण शिकतात आणि काही पासही होतात. त्यामुळे सोडलं म्हणजे आयुष्याचा दरवाजा बंद, असं नाही. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) नंतर एकच विषय वेगळा देण्याचीही सोय आहे. फक्त जे अकरावीत वर्गात बसून मिळतं ते नंतर पैसे आणि वेळ घालून मिळवावं लागतं. यंत्रमागावरच्या घराला हा हिशोब महत्त्वाचा आहे.

अशोक चौक

बार्शीच्या सरांचं एक मान्य, कारण शोधायला हवं. पण सर, कारण शोधायला, पाया भरायला दोन-तीन महिने लागणार. विषय बदलायची मुदत त्याआधीच संपेल. मग बारावीला गणितात ३५ च्या भीतीने बसलेली मुलगी आणि हातातून निसटलेलं नीट, याला जबाबदार कोण? सल्ला देणारे आपण सगळे बाजूला होतो, पेपर तिला लिहायचा असतो.

गणिताचा शिक्षक, बार्शी

दोन-तीन महिने नाही लागत. रोज एक तास, फक्त त्रिकोणमिती, दहावीच्या पुस्तकापासून सुरू. पंधरा दिवसांत कळतं की मूल सावरतंय की नाही. नाही सावरलं तर मी स्वतः सांगेन सोडा म्हणून. गणित शिकवतो म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात बांधत नाही.

जुळे सोलापूरची आत्या

सगळ्यांचं वाचलं आणि काल भाचीशी सविस्तर बोलले. फार्मसीवाल्या ताईंचं म्हणणं मनाला लागलं, खरंच तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरच व्हायचं असं तिचं काही नाही. नीटचं नाव घेतलं की गणितातून सुटता येतं, एवढंच तिच्या मनात होतं. वर्गात शंका विचारायची लाज वाटते म्हणाली, इंग्रजीत कसं विचारायचं कळत नाही.

त्यामुळे मी अजूनही ठेवण्याच्याच बाजूने आहे. उलट जास्तच. डॉक्टर व्हायच्या ओढीने सोडणारी असती तर मी अशोक चौकवाल्या दादांचं ऐकलं असतं. इथे ती लाजेने सोडते आहे, आणि ती लाज भूगोल घेतल्यावर फिजिक्सच्या वर्गातही असणारच. सरांनी सांगितलं तसं पंधरा दिवस करून बघणार. मुदत त्यानंतर संपते, कॉलेजात विचारून घेतलंय. जुळे सोलापूर किंवा सात रस्ता भागात मराठीतून समजावून सांगणारं, दोन-तीनच मुलं घेणारं कुणी असेल तर कळवा. मोठा क्लास नको.

बी.फार्म. दुसरं वर्ष

आत्या, मला अजून वाटतं तिनं सोडावं. पण पंधरा दिवसांनी ती जे म्हणेल ते लिहून घ्या आणि तेच करा, भाऊ काही म्हणू दे, तुम्ही काही म्हणा. सात रस्त्याला माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, घरीच शिकवतात, मराठीतून. विचारून सांगते.