मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजच्या मुलीचा समर रिसर्चचा अर्ज, शुक्रवारी शेवटची तारीख

कोथरूडची_मनी
मुलगी इथे कम्युनिटी कॉलेजला आहे, दोन वर्षांनी तिथून युनिव्हर्सिटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगला ट्रान्सफर घ्यायची आहे. ब्रिजेस नावाच्या कार्यक्रमातल्या समर रिसर्चचा अर्ज भरतोय. दहा आठवडे युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम, वर पैसेही देतात. पर्सनल स्टेटमेंट अडलंय. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड" याच्या पुढे गाडी जात नाही. कुणाच्या मुलांनी भरलाय का? कृपया लवकर सांगा, शुक्रवारी संपतंय.

अण्णा_फ्रीमाँट
इथे म्हणजे कुठे? अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत. कितवं सेमिस्टर? जीपीए?

कोथरूडची_मनी
कॅलिफोर्निया, अजून कुठे! दुसरं सेमिस्टर, ३.८. पण प्रश्न स्टेटमेंटचा आहे.

खडीसाखर
मी तर म्हणते सरळ भारतात पाठवा. नीट द्या, एमबीबीएस करा. माझ्या नणंदेच्या मुलीने तेच केलं.

अण्णा_फ्रीमाँट
अहो, मुलीला इंजिनिअरिंग करायचंय, डॉक्टर व्हायचं नाहीये.
मनीताई, समरच्या मागे धावण्यापेक्षा टॅग करा, म्हणजे यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफरची हमी. १ ते ३० सप्टेंबरमध्ये अर्ज भरायचा, अटी पुऱ्या केल्या की यूसीची जागा नक्की. आमच्या मुलाचं तसंच झालं. युनिटमागे ४६ डॉलर भरून दोन वर्षं निघाली. बर्कलेवाल्या शेजाऱ्यांचं अजून कर्ज चालू आहे.

सॅन_दिएगोची_सून
अण्णा, टॅग सहाच कॅम्पसला आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कले, यूसीएलए, सॅन दिएगो त्यात नाहीत. शिवाय एकाच कॅम्पसला भरता येतो, आणि काही मेजरना तर टॅगच नाही. आधी असिस्टच्या साइटवर आपलं कॉलेज आणि मेजर टाकून ट्रान्सफरला कुठले कोर्स लागतात ते बघायचं. कॅल्क्युलसवाली फिजिक्सची साखळी राहिली तर ३.८ असून उपयोग नाही.

अण्णा_फ्रीमाँट
मी कुठे म्हटलं बर्कलेला आहे म्हणून?

पिपेट_पंडित
स्टेटमेंट बाजूला ठेवा. फॉर्मवर सिटिझनशिपच्या रकान्यात काय भरलंत?

कोथरूडची_मनी
तो अजून कोराच आहे. आम्ही एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) आहोत, ग्रीनकार्डच्या रांगेत. ते महत्त्वाचं आहे का? काउन्सेलर काहीच बोलली नाही.

पिपेट_पंडित
तेच महत्त्वाचं आहे, ताई. ब्रिजेस टू द बॅकलॉरिएट हा एनआयएचच्या, म्हणजे सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या, ट्रेनिंग ग्रँटवर चालतो. तो पैसा फक्त सिटिझन, नॅशनल किंवा ग्रीनकार्डवाल्यांना देता येतो. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आरईयू या समर रिसर्चचंही तसंच. मी ग्रॅड स्टुडंट असताना आमच्या लॅबमध्ये अशी मुलं यायची. पहिल्या आठवड्यात पिपेटमध्ये पाणी भरून तराजूवर वजन करायला लावायचो, हात बसेपर्यंत. मुलं मस्त होती, पण त्यात एच-४ वालं एकही नव्हतं. ते का, हे मग कळलं.

कोथरूडची_मनी
दोन आठवडे ती रात्री एक वाजेपर्यंत जागून लिहितेय. आणि हे आत्ता कळतंय.

बे_एरियाकर
पैसे नको म्हणा, व्हॉलंटिअर करा. कोण विचारतंय?

सॅन_दिएगोची_सून
असले सल्ले देऊ नका हो! ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केलं तरी ती नोकरीच धरली जाऊ शकते. एच-४ चं ईएडी (नोकरीचा परवाना) फक्त नवऱ्याला किंवा बायकोला मिळतं, मुलांना नाही. उद्या ग्रीनकार्डच्या वेळी काय सांगणार?

बे_एरियाकर
मग एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा करा. सेमिस्टरमध्ये आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करता येतं, लॅबमध्येसुद्धा.

सॅन_दिएगोची_सून
आणि एफ-१ वर ४६ डॉलरचं युनिट कितीला पडेल ते बघितलंत? नॉन-रेसिडेंट फीमध्ये ते कितीतरी पट होतं. अर्थात २१ झाली की एच-४ संपतोच, तेव्हा ग्रीनकार्ड आलं नसेल तर एफ-१ शिवाय गत नाही. मनीताई, मुलगी किती वर्षांची आहे?

कोथरूडची_मनी
१९. पुढच्या महिन्यात २०.

आजोबा_सनीवेल
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. कम्युनिटी कॉलेजात मातीकामाच्या (भांडी घडवायच्या) वर्गाला वयाची अट असते का? मी ७१. सौ. म्हणते घरात बसू नका.

पिपेट_पंडित
आजोबा, अट नाही, खुशाल जा.
ताई, एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे. तेव्हा संशोधन नोकरी म्हणून नको, कोर्स म्हणून करा. आसपासच्या कॉलेजांत सी-फेजेस शोधा. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, काही कम्युनिटी कॉलेजांतही चालतो. मुलं माती आणतात, त्यातून बॅक्टेरिया खाणारे विषाणू, म्हणजे फेज, वेगळे करतात. प्लेटवर बॅक्टेरियाचा दुधट थर पसरलेला असतो, त्यात टाचणीच्या टोकाएवढे स्वच्छ ठिपके पडतात. एकेक ठिपका म्हणजे फेजने खाल्लेली जागा. नवा फेज सापडला की त्याचं नाव तिनेच ठेवायचं. क्रेडिटचा कोर्स आहे, त्यामुळे व्हिसा आड येत नाही. आणि "आवड आहे" ऐवजी "तिसऱ्या प्लेटवर ठिपका दिसला" असं स्टेटमेंटमध्ये लिहिता येतं.

खडीसाखर
विषाणू हाताळायचे? काही झालं तर?

पिपेट_पंडित
हे फेज माणसाला काही करत नाहीत. तुमच्या पोटात आत्ता भरपूर असतील.

खडीसाखर
शी.

कोथरूडची_मनी
अपडेट. कोऑर्डिनेटरला मेल केली, दोन ओळींत उत्तर आलं: एच-४ चालत नाही. शुक्रवारचा फॉर्म भरत नाही. लेक दुपारभर खोलीतून बाहेर आली नाही, मग पंडितांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पलीकडच्या गावातल्या कॉलेजात फॉलला हा कोर्स आहे, २४ जागा, रजिस्ट्रेशन मे महिन्यात. ती विचारतेय, माती कुठली चालते? आमच्या तुळशीच्या कुंडीतली चालेल?

पिपेट_पंडित
कुंडीतली कोरडी असेल तर नको. सोसायटीत कंपोस्टचा ढीग असेल तर त्यातली ओलसर, चमचाभर पुरे. पण आत्ताच गोळा करू नका, ऑगस्टपर्यंत वाळून जाईल.