वाळपईचा पीसी पणजीहून उघडायचाय, राउटरमध्ये काय चुकतंय?

सत्तरीची लेक: बाबांचा सुपारी-काजूचा सगळा हिशेब वाळपईच्या पीसीवर आहे, विंडोज ११ प्रो. त्यांना आता बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून रोज रात्री पणजीहून मीच नोंदी करायचं ठरवलंय. राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरून पीसीपर्यंत फॉरवर्ड केला. घरच्या वायफायवर रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या पीसीवरून हा पीसी चालवायची विंडोजची सोय) झकास चालतो, पणजीहून लागतच नाही. तीन रविवार यात गेले. राउटर बदलू का?

फोंडेकर: नको ताई, पैसे वाया जातील. आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.

सत्तरीची लेक: १००.७२ आहे! मग स्टॅटिक आयपी घेऊ?

म्हापसेकर: घेतलात तरी ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हात जोडून सांगतो. २०१९ ची ब्लूकीप त्रुटी याच रिमोट डेस्कटॉपमधली. जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता यायचं. दुकानाच्या पीसीवर मी एकदा पोर्ट उघडा ठेवला. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ४६२५ ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, रांग लागलेली. ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘युजर’... कोणीतरी रात्रभर दार ठोठावत होतं.

दोन्ही पीसींवर टेलस्केल टाका, दोन पीसींना खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, घरगुती वापराला फुकट. दोन्ही पीसी आतूनच बाहेर जोडणी करतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. फॉरवर्डचा नियम काढा. फायरवॉल मात्र बंद करू नका. रिमोट डेस्कटॉपच्या इनबाउंड नियमांत स्कोपखाली रिमोट आयपी १००.६४.०.०/१० एवढाच, म्हणजे टेलस्केलचे पत्ते ज्यात येतात तो पट्टा, ठेवा. मग घरच्या वायफायवरूनही टेलस्केलच्याच पत्त्याने जायचं. बाबांच्या खात्याला पासवर्ड हवाच, कोरा असेल तर विंडोज बाहेरून आत घेत नाही.

फोंडेकर: टेलस्केलची की, म्हणजे पीसीची ओळख पटवणारी किल्ली, १८० दिवसांनी संपते, वाळपईच्या पीसीपुरती एक्स्पायरी बंद करा. स्लीपही बंद. आणि पावसात वीज जाणारच, तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी पीसीची मूळ सेटिंग्ज) वीज आल्यावर पीसी आपोआप चालू होईल असं लावा.

सत्तरीची लेक: काल रात्री जमलं! आत शिरले तोच बाबांचा फोन, "अगो, इथे पडदा बदलला, पासवर्ड मागतोय." म्हटलं, बाबा, मीच आत आलेय, तुम्ही हिशेबाच्या पट्ट्या वाचून दाखवा. आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या चढवल्या. दोघांचेही मनापासून आभार. बायोसचं रविवारी घरी गेल्यावर करते.