'कौटुंबिक हिंसाचार' हा शब्द बाईच्या तोंडी येतो का?

गोदाकाठ

आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी दोन पानांचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषय घरातली मारहाण आणि छळ. सरकारी कागदावरचा शब्द 'कौटुंबिक हिंसाचार', तोच मी मसुद्यात घातला होता. एका आशाताईंनी बैठकीत सरळ सांगितलं, "हा शब्द वापरून विचारलं की बाई म्हणते, 'नाही हो ताई, तसलं काही नाही आमच्यात.' आणि लगेच पुढे, 'प्याल्यावर हात उचलतो, तेवढंच.'"

त्या 'तेवढंच'मध्ये माझा मसुदा अडकलाय. बाईला आपलं वाटेल असा शब्द कोणता? आणि कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत, ते बोलीत कसे मांडावेत?

शब्दवेल्हाळ

'हिंसाचार' शब्दाची मुळात पंचाईत अशी की तो वर्तमानपत्रात दंगलीसाठी वापरून वापरून तिथलाच झालाय. 'शहरात हिंसाचार उसळला' म्हटलं की डोळ्यांसमोर जाळपोळ येते, दगडफेक येते. नवऱ्याने पाठीत घातलेला गुद्दा त्यात बसत नाही.

जुने शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी. 'सासुरवास' सासू-नणंदेचा; नवरा त्यातून अलगद सुटतो, शिवाय तो प्रत्येकीच्या वाट्याला येणारच असं गृहीत धरलेलं. 'जाच' म्हणजे रोजचं, न थांबणारं. मला हा सगळ्यात नेमका वाटतो. 'छळ' पोलिसांच्या फिर्यादीत जाऊन बसलाय. आणि 'त्रास' सगळ्यांत मोठा, बायका दवाखान्यात हाच वापरतात, पण त्रास पित्ताचाही असतो. डॉक्टर पित्ताची गोळी लिहून मोकळे.

माझं मत, नाम सोडा, क्रियापदावर या. हात उचलतो का? ढकलतो का? केस धरतो का? घराबाहेर काढतो का? क्रियापदाला 'हो' येतं.

वऱ्हाडीठेचा

सहमत. आमच्याकडे 'नवरा मारते' एवढंच म्हणतात. कोल्हापूरकडची माझी वहिनी 'हाणतोय' म्हणते, कुठे 'बडवतो', कुठे 'चोपतो'. पत्रकात एकच क्रियापद ठेवू नका.

आर्थिक हिंसा तर कुणालाच कळत नाही. पण "मजुरीचे पैसे कोण घेतं?", "एटीएम कार्ड कुणाकडं असतं?", "अंगावरचे दागिने कुठं गेले?" असं विचारून पाहा, बाई बोलायची थांबत नाही.

कोर्टाची पायरी

न्यायालयात रोज ऐकू येणारे शब्द सांगतो, कारण त्यांच्यामुळे बायका फसतात.

पहिला 'एनसी'. बाई पोलीस ठाण्यातून येते आणि म्हणते, "तक्रार घेतली." कागद पाहिला तर अदखलपात्र नोंद. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणारच नाही. ती बिचारी महिनोन्‌महिने वाट बघते. पत्रकात हे ठळक अक्षरात घ्या.

दुसरा 'चारशे अठ्ठ्याण्णव'. १९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेलं कलम ४९८अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालं, पण लोक अजून जुनाच आकडा बोलतात आणि पुढेही बोलतील. हा फौजदारी गुन्हा.

तिसरा 'डीव्ही'. हा २००५चा, 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण' असं लांबलचक नाव असलेला कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. यात नवऱ्याला तुरुंगात पाठवणं हा पहिला हेतू नाही. मारू नको असा संरक्षण आदेश, राहत्या घराचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई अशा गोष्टी मागता येतात. संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहुतेकींना वाटतं की अर्ज केला म्हणजे काडीमोड झाला. तसं अजिबात नाही. घटस्फोट न मागता, त्याच घरात राहून अर्ज करता येतो.

बाकी वेळेचं म्हणाल तर अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव ज्याचा त्याने सांगावा.

माजघर

'नांदवणे' या क्रियापदाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. लग्नात आशीर्वाद 'नांदा सौख्यभरे', दोघांना मिळून. दोन वर्षांनी तोच धातू पोलीस ठाण्यात असा येतो: "मी नांदायला तयार आहे, पण ते नांदवत नाहीत." प्रयोजक झाला, म्हणजे करवून घेण्याचं रूप आलं, की कर्ता बदलला. तिचं त्या घरात राहणं आता दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीचं काम. म्हणूनच 'टाकलेली' हाही शब्द इतका सहज रूढ झाला, कारण टाकणारा आधीच ठरलेला होता. 'परित्यक्ता' त्यातल्या त्यात सभ्य, पण अर्थ तोच. तरीही ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात याच शब्दाखाली बायका संघटित झाल्या, परिषदा भरवल्या, रेशन कार्ड स्वतःच्या नावावर मागितलं.

२००५च्या कायद्यातलं सतरावं कलम मला यासाठी मोठं वाटतं. घर तिच्या नावावर असो-नसो, संसार करत ज्या घरात राहिली तिथे राहायचा हक्क तिला आहे. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घर यात येतं की नाही यावर आधी घोळ होता. २०२० साली सतीश आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते येऊ शकतं असं सांगितलं. कायद्यातल्या घराच्या या संकल्पनेला मराठीत 'सामाईक घर' म्हणून भागत नाही, सातबाऱ्यावर नाव हवं असं वाटतं. 'राहतं घर' लिहा. बाईला पटकन कळेल.

चष्मेबहाद्दर

पुरुषांवर होतो त्याचं काय? शब्द तर 'कौटुंबिक' आहे.

कोर्टाची पायरी

शब्द सगळ्यांना लागू, २००५चा कायदा दाद मागणाऱ्या बाईसाठी. पुरुषाला मारहाण, धमकीची नेहमीची कलमं आहेतच. आणि दाद फक्त पुरुषाविरुद्धच मागता येते हा समजही जुना झाला. मुंबईच्या हर्सोरा खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले. सासू-नणंदही गैरअर्जदार होऊ शकते. पण धागा आशाताईंच्या पत्रकाचा आहे, तिकडेच राहू.

शब्दवेल्हाळ

बातम्यांमधली भाषाही पाहायला हवी. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीला मारहाण.' संशय त्याचा, चारित्र्य तिचं, आणि वाक्यात पहिला मान तिच्या चारित्र्याला. 'किरकोळ कारणावरून' तर आणखी मासलेवाईक. कारण किरकोळ की मोठं हे मोजायला बसलो की मोठ्या कारणासाठी मारणं चालतं, असं आपोआप ठरतं. 'भाजीत मीठ कमी पडलं म्हणून' या मथळ्यावर लोक हळहळतात ते मिठासाठी. पूर्वी 'स्टोव्हचा भडका उडून' असायचं, जणू स्टोव्हला सूनच तेवढी ओळखू येत होती.

हे नुसतं भाषेचं दुखणं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काही कारणं वाचून दाखवून विचारलं होतं, यासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? सासरच्यांचा मान न ठेवणं, घर-मुलांकडे दुर्लक्ष, न सांगता बाहेर जाणं, अशी. देशातल्या ४५ टक्के बायकांनी किमान एका कारणाला 'हो' म्हटलं. पुरुष ४४ टक्के. म्हणून पत्रकात 'विनाकारण मारतो का' असं चुकूनही लिहू नका. बाई म्हणेल, नाही, कारण असतं.

सोनकी

मी परिचारिका आहे. आमच्याकडे येणारी बाई 'मोरीत घसरले' म्हणते, 'दार लागलं' म्हणते. पण मोरीत घसरलेल्याला मार कोपराला, कंबरेला, मनगटाला लागतो. दोन्ही हातांच्या बाहेरच्या कडेला, मनगट ते कोपर, काळेनिळे वळ असतील तर हात डोक्यावर धरून वार झेललेला असतो. अशा वेळी मी शब्दच शोधत नाही. सोबतच्या माणसाला केसपेपर काढायला पाठवते आणि विचारते, "कुणी मारलं?" मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याच विचाराने. बाई पोलीस ठाण्यात जायला कचरते, दवाखान्यात मात्र येतेच.

एक विनंती, 'समुपदेशन' शब्द जपून वापरा. त्यात 'उपदेश' आहे आणि बायकांना तो बरोबर ऐकू येतो. "तिथं गेलं की समजूत काढून परत पाठवतात" हे मी कितीदा ऐकलंय. 'बोलायला माणूस मिळेल' असं लिहा.

गोदाकाठ

सगळं उतरवून घेतलं. 'पीडिता' राहिलं. 'सर्व्हायव्हर'ला, म्हणजे हिंसेतून तगलेलीला, कुणी 'हिंसाग्रस्त' सुचवलंय.

माजघर

नको. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, हिंसाग्रस्त; पंचनामा तेवढा करायचा बाकी. 'पीडिता' बातम्यांमुळे बलात्काराशी जोडला गेलाय, तो चिकटला तर बाई पत्रक हातात धरणार नाही. आणि 'सावरलेली' म्हणावं तर ती अजून त्याच घरात आहे. न्यायालयात 'अर्जदार' म्हणतात तो मला चांगला वाटतो, त्यात ती काहीतरी करते आहे. पत्रकात मात्र सरळ 'तुम्ही' लिहा. तिसरी व्यक्ती हवीच कशाला?

सोनकी

पत्रक घरी नेऊ देऊ नका. नवऱ्याच्या हाती लागलं तर त्याच रात्री मार. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे फोनचे आकडे आशाताईंनी पाठ करून घ्यावेत, किंवा उपकेंद्रात बायकांच्या शौचालयाच्या दाराला आतून लावावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेही तोंडीच सांगावं.

आणि 'सुरक्षा नियोजन' असं काही छापू नका, कुणी वाचणार नाही. आमच्याकडच्या आशाताई 'पिशवी भरून ठेव' म्हणतात. आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, चालू गोळ्या, एसटीच्या भाड्यापुरते पैसे. पिशवी शेजारणीकडे ठेवायची, नाहीतर अंगणवाडीत. माहेरी नको, तो पहिल्यांदा तिथेच शोधायला जातो.

वऱ्हाडीठेचा

शेजारीण त्याच्या नात्यातली नको, हेही टाका.